द्राक्ष-डाळिंबाच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टरवरचा ब्लोअर निवडताना

पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी पंढरपूर, सांगोला, बार्शी, नान्नज अशा कोणत्याही भागातील अवजारांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध झाडावर फवारणारे यंत्र, घ्यायला आलेला शेतकरी आणि दुकानदार यांचे बोलणे बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते : "किती लिटरचा पाहिजे?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण टाकी डोळ्यांना दिसते, तिचा आकडा ठळक अक्षरांत रंगवलेला असतो आणि किंमतही बरीचशी त्यावरच ठरते. तरीही माझे मत असे आहे की टाकीचा आकार हा निवडीतला शेवटचा प्रश्न असायला हवा. बागेच्या ओळीतील अंतर, झाडाची उंची, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरचे वजन आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) मिळणारी ताकद या चार गोष्टी आधी मोजल्या, तर टाकीचा आकार आपोआप ठरतो. त्या न मोजता टाकी ठरवली, तर उरलेल्या सगळ्या गोष्टी टाकीच्या मागे फरफटत जातात.

मी हे अनुभवाने सांगतो. आमची पंढरपूर तालुक्यात साडेतीन एकर द्राक्ष आणि चार एकर डाळिंब अशी बाग आहे. पहिला ब्लोअर घेताना आम्ही २४ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरसाठी ४०० लिटरचा, लिफ्टवर उचलून धरायचा ब्लोअर घेतला, कारण विक्रेत्याने "एवढ्या ट्रॅक्टरला हा आरामात चालतो" असे सांगितले होते. पहिल्याच दिवशी भरलेली टाकी घेऊन बागेतून रस्त्याकडे चढताना बांधावर ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाके जमिनीपासून सुटली आणि स्टिअरिंग फिरवून काहीच होईना. माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरवर होता. त्याने प्रसंगावधान राखून ब्लोअर खाली टेकवला, म्हणून ट्रॅक्टर मागे उलटला नाही. त्या दिवसानंतर आम्ही ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या वजनाचा हिशेब शिकलो, आणि तोच सर्वांत आधी मांडावासा वाटतो.

वजनाचा हिशेब

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता दिलेली असते आणि ७५० किलो हा आकडा मिनी ट्रॅक्टरच्या पत्रकांत वारंवार दिसतो. हा आकडा वाचून ४०० लिटर पाणी आणि १८० किलोचे यंत्र मिळून ५८० किलो होतात, म्हणजे काम भागले, असे वाटते. मात्र लिफ्टची क्षमता म्हणजे हायड्रोलिक किती वजन उचलू शकते एवढेच असते. ते वजन उचलल्यावर ट्रॅक्टर स्थिर राहील की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय ही क्षमता खालच्या दोन हातांच्या टोकाशी मोजलेली असते, तर भरलेल्या टाकीचा भार त्या टोकाच्याही बराच मागे असतो.

हिशेब तराजूच्या दांडीसारखा आहे. मागच्या चाकांचा आस हा मधला टेकू समजावा. समजा, ट्रॅक्टरचे वजन ८५० किलो आहे आणि त्यातले ३४० किलो पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांत ५ फूट अंतर आहे आणि भरलेल्या ब्लोअरचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून साडेतीन फूट मागे येतो. ५८० किलोला साडेतीनने गुणून पाचने भागले की ४०६ किलो येतात. एवढे वजन पुढच्या चाकांवरून कमी होते, आणि तिथे मुळात होते ३४०. म्हणजे सपाट जमिनीवरसुद्धा हा ट्रॅक्टर पुढून उचलला जाणार, मग बांधाची तर गोष्टच सोडा. आता तोच ट्रॅक्टर आणि २०० लिटरचा, रिकामा असताना १३० किलोचा ब्लोअर घेऊन पाहू. वजन ३३० किलो, टाकी आखूड असल्यामुळे अंतर ३ फूट. पुढून कमी होणारे वजन १९८ किलो, उरले १४२. ट्रॅक्टर वळवता यावा यासाठी एकूण वजनाच्या निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. इथे एकूण वजन ११८० किलो, त्याचा पाचवा हिस्सा २३६. अजूनही कमीच. पण पुढच्या आसाच्या २ फूट पुढे ८० किलोची वजने बसवली, तर दांडीच्या नियमाने ती ११२ किलोचे काम करतात. पुढे २५४ किलो येतात आणि नव्या एकूण १२६० किलोंचा पाचवा हिस्सा २५२ होतो. इथे गणित जमते.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे काढायला अवघड काही नाही. जवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून दोन वजने घ्यावीत, आसांमधले अंतर टेपने मोजावे आणि ब्लोअरचे रिकामे वजन विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. वजनकाट्याचे तेवढे पैसे वाचवण्यात काहीच शहाणपणा नाही. पुढची वजने, म्हणजे ज्यांना आपण नुसते "वेट" म्हणतो, ती ट्रॅक्टर कंपनीने दिलेल्या जागीच आणि तिने सांगितलेल्या मर्यादेतच लावावीत. पुढे दगडाची पोती बांधण्याचा प्रकार मी पाहिला आहे आणि तो धोक्याचा आहे, कारण पोते सरकते आणि नेमके नको त्या क्षणी सुटते.

मोठी टाकी हवीच असेल, तर मागे ओढायचा चाकांचा ब्लोअर हा पर्याय उरतो. त्यात पाण्याचे बहुतेक वजन ब्लोअरच्या स्वतःच्या चाकांवर पडते, त्यामुळे पुढची चाके उचलली जाण्याची भीती बरीच कमी होते. पण सोलापूर जिल्ह्यातल्या जमिनीचा विचार करूनच हा निर्णय घ्यावा. भीमाकाठच्या काळ्या जमिनीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसानंतर द्राक्षाला डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाची फवारणी तातडीने द्यावी लागते आणि नेमका तेव्हाच वाफसा नसतो. अशा वेळी ओढायच्या ब्लोअरची चाके रुततात, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पुरेसे वजन नसल्यामुळे ती जागच्या जागी फिरत राहतात. उचलून धरलेल्या ब्लोअरचे वजन मागच्या चाकांवर येत असल्यामुळे पकड चांगली राहते. उलट सांगोल्याकडच्या मुरमाड माळावरील डाळिंबाच्या बागेत रुतण्याचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे लांब ओळी आणि पाण्याची दूरची सोय पाहता ओढायचा ५०० किंवा ६०० लिटरचा ब्लोअर सोयीचा ठरू शकतो. मात्र उतारावर भरलेला ब्लोअर हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलतो, हे लक्षात ठेवून तिथे गिअर आधीच खाली घ्यावा.

ओढायच्या ब्लोअरला वळायला जास्त जागा लागते. ओळ संपल्यावर बांधापर्यंत किती मोकळी जागा आहे, ती मोजावी. द्राक्षात शेवटच्या खांबाच्या ताणतारा बाहेर आलेल्या असतात, त्या सोडून उरलेली जागाच खरी धरावी.

बागेची मोजमापे

द्राक्षबागेत दोन ओळींतले अंतर ९ फूट असले, तरी ट्रॅक्टरला ९ फूट मिळत नाहीत. वाय पद्धतीच्या मांडवात दोन्ही बाजूंचे हात आणि त्यावरून लोंबणारी काडी वजा केली, तर मध्ये जेमतेम ५ फूट मोकळी वाट राहते आणि फळछाटणीनंतर दोन महिन्यांनी तीही आक्रसते. म्हणून मोजमाप काडी पूर्ण वाढलेली असताना, जमिनीलगत, कमरेइतक्या उंचीवर आणि मांडवाच्या तारेपाशी अशा तीन ठिकाणी घ्यावे. ब्लोअरची टाकी किंवा पंख्याचे आवरण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांपेक्षा बाहेर येत असेल, तर तो ब्लोअर घेऊ नये; एका हंगामात तो किती घड झोडपेल, याचा हिशेब केला तर स्वस्तात मिळालेला ब्लोअरही महाग पडतो. पूर्ण सपाट मांडव असलेल्या जुन्या बागांत सगळा फवारा वर जायला हवा, त्यामुळे तिथे नोझलची कमान वरच्या बाजूला वळवता येते का, हे पाहावे.

डाळिंबाचे तसे नाही. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस साडेचार मीटर बाय तीन मीटर लागवडीची आहे, म्हणजे ओळींत साधारण १५ फूट अंतर मिळते आणि वाट पुरते. अडचण झाडाच्या ठेवणीची आहे. अनेक खोडांचे, दाट आणि काटेरी झुडूप, त्यातच आतल्या बाजूला लागलेली फळे. अशा झाडात फवारा बाहेरच्या पानांवर अडतो आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग मात्र आत, जिथे ओल जास्त वेळ टिकते तिथेही येतात. म्हणजे द्राक्षात प्रश्न रुंदीचा आहे, तर डाळिंबात फवारा आतपर्यंत पोहोचण्याचा. दोन्ही पिके असणाऱ्याने रुंदी द्राक्षाची आणि पंखा डाळिंबाचा धरून निवड करावी, आणि द्राक्षात पंखा हळू चालवण्याची सोय त्यात असावी.

पंखा आणि पीटीओ

ब्लोअरमध्ये औषध झाडावर नेण्याचे खरे काम हवा करते. नोझल फक्त थेंब तयार करते. पानांच्या आत साठलेली हवा बाहेर ढकलून तिच्या जागी औषधाचे थेंब मिसळलेली हवा भरणे, एवढे पंख्याचे काम आहे. हवा कमी पडली तर थेंब बाहेरच राहतात. फार जास्त झाली तर पाने एकमेकांवर चिकटून भिंत तयार होते आणि थेंब आरपार निघून शेजारच्या ओळीत किंवा शेजाऱ्याच्या रानात जातात. म्हणून "पंखा जितका मोठा तितका चांगला" हे खरे नाही. बाजारात साधारणपणे ५५० मिलिमीटर आणि ६०० मिलिमीटरच्या आसपासचे पंखे मिनी ट्रॅक्टरसाठी मिळतात. द्राक्षाला लहान पुरतो, दाट डाळिंबाला मोठा उपयोगी पडतो, पण मोठ्यासाठी ट्रॅक्टरची ताकद हवी.

ही ताकद म्हणजे इंजिनची अश्वशक्ती नव्हे. २४ अश्वशक्तीच्या इंजिनचे पीटीओवर साधारण २० ते २१ अश्वशक्ती येतात, आणि नेमका आकडा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय यंत्र परीक्षण संस्थेच्या चाचणी अहवालात मिळतो. ब्लोअरला लागणारी अश्वशक्ती विक्रेत्याकडून लेखी घ्यावी आणि ती पीटीओच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. कारण उरलेल्या ताकदीवर ट्रॅक्टरला चढावर स्वतःचे आणि पाण्याचे वजन ओढायचे असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना इंजिन थंडीतल्याइतके काम देत नाही.

पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र लक्षात ठेवावे. पंख्याचा वेग १० टक्के कमी केला, तर हवा सुमारे १० टक्केच कमी होते, पण ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. म्हणून दोन वेगांचा गिअरबॉक्स असलेला ब्लोअर घ्यावा, असा माझा आग्रह आहे. फळछाटणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, फुटी कोवळ्या असताना, पंखा हळू वेगावर चालवला तर फुटी मोडत नाहीत आणि डिझेलही वाचते. गिअरबॉक्समध्ये न्यूट्रल असेल तर आणखी चांगले. मग पंखा बंद ठेवून फक्त पंप चालवता येतो आणि टाकीतले औषध ढवळता येते किंवा लांब नळी लावून गनने फवारता येते.

ब्लोअर ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनवलेले असतात. काही मिनी ट्रॅक्टरना ५४० शिवाय दुसरा, जास्त फेऱ्यांचा पीटीओही असतो. चुकून तो लावला तर पंख्याची पाती आणि गिअरबॉक्स दोन्ही धोक्यात येतात. चालकाला हा फरक लिव्हरवर रंगाची खूण करून दाखवून ठेवावा.

ज्या मिनी ट्रॅक्टरना एकच क्लच असतो, त्यांच्या बाबतीत एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. अशा ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधूनच चालतो. क्लच दाबल्यावर इंजिन सुटते, पण वेगात फिरणारा जड पंखा लगेच थांबत नाही. तो उलट पीटीओमधून गिअरबॉक्सला फिरवतो आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर काही फूट पुढे ढकलला जातो. ओळीच्या टोकाला विहीर असेल किंवा पुढे माणूस उभा असेल, तर एवढे अंतर पुरेसे असते. यावर उपाय म्हणजे पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारा फ्री-व्हील कपलिंग बसवणे, किंवा पंख्याच्या मध्यात केंद्रोत्सारी क्लच (वेग वाढल्यावरच आपोआप पकड घेणारा) असलेला ब्लोअर घेणे. केंद्रोत्सारी क्लचचा दुसरा फायदा असा की पंखा सुरू होताना गिअरबॉक्सला झटका बसत नाही. या दोन्हींपैकी एकही नसेल, तर एक क्लचच्या ट्रॅक्टरला ब्लोअर लावू नये, इतके स्पष्ट माझे मत आहे.

ब्लोअरमधल्या अक्षीय, म्हणजे आपल्या आसाच्या दिशेने हवा ढकलणाऱ्या, पंख्याची आणखी एक खोड आहे. पंखा एका दिशेने फिरत असल्यामुळे एका बाजूची हवा वर फेकली जाते आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबली जाते. परिणामी डावीकडच्या ओळीत वरच्या पानांवर चांगला फवारा बसतो आणि उजवीकडे जमिनीलगत, किंवा याच्या उलट. चांगल्या ब्लोअरमध्ये पंख्याजवळ हवा सरळ करणाऱ्या स्थिर पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या आहेत का, हे जाळीतून डोकावून पाहावे, आणि असल्या तरी पुढे सांगितलेली फितीची चाचणी दोन्ही बाजूंना करावी.

पाणी, पंप आणि नोझल

आता पाण्याचा हिशेब. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ओळींत ९ फूट अंतर असेल, तर एका एकरात ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर लांबीची वाट ट्रॅक्टरला चालावी लागते. ताशी ४ किलोमीटर वेगाने मिनिटाला ६७ मीटर, म्हणजे एकराला २२ मिनिटे. त्या एकरावर २०० लिटर पाणी द्यायचे असेल, तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे ९ लिटर बाहेर पडायला हवे. दहा नोझल असतील तर प्रत्येकी ०.९ लिटर. डाळिंबात १५ फुटांच्या ओळी, ताशी साडेतीन किलोमीटर वेग आणि एकरी २५० लिटर पाणी धरले, तर वाट ८८५ मीटर, वेळ १५ मिनिटे आणि प्रवाह मिनिटाला साडेसोळा लिटर येतो. ट्रॅक्टरचा वेग काट्यावर पाहू नये. बागेतच १०० फुटांवर दोन खुणा कराव्यात आणि पीटीओ ५४० वर ठेवून कोणत्या गिअरमध्ये हे अंतर २७ सेकंदांत (ताशी ४ किलोमीटर) किंवा ३१ सेकंदांत (ताशी साडेतीन किलोमीटर) कापले जाते, ते घड्याळ लावून पाहावे. आपल्या ट्रॅक्टरला असा गिअरच नसेल, तर ही गोष्ट ब्लोअर घेण्याआधी कळलेली बरी.

पंप याच हिशेबावरून ठरतो. नोझलना लागणारे पाणी आणि टाकीतले औषध ढवळत ठेवण्यासाठी परत जाणारे पाणी, असे दोन्ही पंपाने पुरवायचे असते. ढवळण्यासाठी मिनिटाला टाकीच्या ५ टक्के पाणी परत जावे, असे धरले, तर ४०० लिटरच्या टाकीला २० लिटर लागतात. डाळिंबासाठी एकूण साडेछत्तीस लिटर झाले. म्हणजे ३६ लिटरचा पंप नवा असतानाच अपुरा पडेल आणि ५५ लिटरच्या वर्गातला घ्यावा लागेल. द्राक्षाला २०० लिटरच्या टाकीबरोबर ९ आणि १० मिळून १९ लिटरच लागतात, तिथे ३६ लिटरचा पंप निवांत चालतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि गंधक वापरणाऱ्यांनी ढवळण्याच्या बाबतीत काटकसर करू नये, कारण चुना तळाशी बसला की पहिल्या ओळीला नुसते पाणी आणि शेवटच्या ओळीला नुसता चुना जातो.

याच कारणाने मी डायफ्राम पंपाला पसंती देतो. त्यात औषध आणि पंपाचे फिरते भाग यांच्यामध्ये रबरी पडदा असतो, त्यामुळे चुन्याची किंवा गंधकाची घासण पिस्टनला लागत नाही. पडदा फाटला की पंपातले तेल दुधासारखे पांढरे होते. तेलाची काच रोज सकाळी पाहण्याची सवय चालकाला लावली, तर एका पडद्याच्या किमतीत संपूर्ण पंप वाचतो.

नोझल पोकळ शंकूची, सिरॅमिक चकतीची घ्यावीत. पितळेची स्वस्त असतात, पण बोर्डोने लवकर झिजतात आणि छिद्र मोठे झाले तरी डोळ्यांना दिसत नाही. दर महिन्याला प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मापाचे भांडे धरून पाणी मोजावे. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून अधिक पाणी येत असेल, तर ते बदलावे. थेंब बंद करणारे झडप असलेले आणि प्रत्येक नोझल वेगळे बंद करता येणारे ब्लोअरच पाहावेत, कारण फळछाटणीनंतर सुरुवातीला वरची नोझल बंद ठेवायची असतात आणि ओळीच्या टोकाला वळताना एक बाजू बंद करायची असते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यामुळे गाळण्या आणि नोझल क्षाराने भरतात. टाकीच्या तोंडावर, पंपाच्या आधी आणि नोझलपाशी अशा तिन्ही ठिकाणी गाळणी असावी आणि पंपाआधीची गाळणी टाकी भरलेली असतानाही काढता यावी.

गनने फवारणाऱ्या शेतकऱ्याने ब्लोअर घेतल्यावर औषधाच्या प्रमाणाबाबत विशेष काळजी घ्यावी. गनने एकरी जितके पाणी लागत होते, त्यापेक्षा ब्लोअरने कमी लागते. तेव्हा लिटरमागे अमुक मिली हे जुने माप तसेच ठेवले, तर एकराला औषध कमी पडते आणि रोग आटोक्यात येत नाही; मग ब्लोअरलाच दोष दिला जातो. लेबलवर एकरी किंवा हेक्टरी जी मात्रा दिलेली असते, ती धरून टाकीचा हिशेब करावा आणि ती मात्रा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.

जोडणी आणि शाफ्ट

मिनी ट्रॅक्टरचे थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडायचे हात, बहुतेक वेळा पहिल्या वर्गाचे असते; त्याच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरच्या लिंकची पिन १९ मिलिमीटरची असते. मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेल्या ब्लोअरला २८ मिलिमीटरच्या पिना असतात. वेल्डिंग करून जुळवाजुळव करण्यापेक्षा योग्य वर्गाचाच ब्लोअर मागावा. पीटीओचा दांडा बहुधा सव्वा इंचापेक्षा किंचित जाड, म्हणजे ३५ मिलिमीटरचा, सहा खाचांचा असतो. तरीही जागेवर मोजून घ्यावा.

शाफ्टची लांबी ही ब्लोअरबरोबर येते तशी कधीच बरोबर नसते. ब्लोअर जोडून लिफ्ट सावकाश वरखाली करावी आणि दोन्ही टोके सर्वांत जवळ येतात ती स्थिती शोधावी. त्या स्थितीत आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला न टेकता निदान एक इंच मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओला आत रेटतो आणि आतील बेअरिंग फुटते. सर्वांत लांब स्थितीत दोन्ही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश गुंतलेल्या असाव्यात. नळी कापायची असेल, तर आतली, बाहेरची आणि दोन्ही प्लॅस्टिक आवरणे सारखीच कापावीत आणि कडा कानशीने घासाव्यात.

प्लॅस्टिकचे आवरण आणि त्याची साखळी कधीही काढून ठेवू नये. आपल्याकडे कामावर धोतर, लुंगी, खांद्यावर टॉवेल असतो, बायका साडी नेसून टाकी भरायला येतात. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या, आणि कापडाचे टोक गुंतल्यावर माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांच्या मध्ये जाऊ नये, हा आमच्या बागेतला अगदी पक्का नियम आहे.

खरेदीआधीची परीक्षा

सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने सोलापुरात होम मैदानावर भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात अनेक ब्लोअर एकाच जागी पाहायला मिळतात. तिथे माहिती घ्यावी, वजने आणि पंपाचे आकडे लिहून आणावेत, पण सौदा करू नये. सौदा फक्त आपल्या बागेतल्या प्रात्यक्षिकानंतर करावा. शासनाच्या यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान घ्यायचे असेल, तर महाडीबीटी संकेतस्थळावर आधी अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. बिल आधीच्या तारखेचे असेल तर अनुदान मिळत नाही, आणि निवडलेले मॉडेल अनुदानास पात्र आहे का, याची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) करावी.

प्रात्यक्षिकात फक्त पाणी भरावे. झाडाच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीपासून एक, तीन, पाच आणि सात फुटांवर बारीक रिबिनीचे तुकडे बांधावेत आणि ब्लोअर ठरलेल्या वेगाने जाऊ द्यावा. पलीकडच्या रिबिनी हलक्या फडफडल्या, तर हवा योग्य आहे. आडव्या ताणल्या गेल्या, तर जास्त आहे. हलल्याच नाहीत, तर कमी. दोन्ही बाजूंना हेच करून पाहावे. त्यानंतर पाण्याने निळे होणारे पिवळे संवेदनशील कागद आतल्या पानांना, घडांच्या मागे आणि पानांच्या खालच्या बाजूला टाचणीने लावावेत. कागदावर वेगवेगळे, जवळजवळ पडलेले ठिपके दिसले पाहिजेत. पूर्ण निळा झालेला कागद म्हणजे पानावरून औषध ओघळून मातीत जाणार. डाळिंबात झाडाच्या अगदी मधोमध लावलेला कागद कोरा राहिला, तर त्या ब्लोअरला माझ्या मते नकार द्यावा, मग टाकी कितीही मोठी असो.

ही परीक्षा सकाळी वारा पडलेला असताना घ्यावी, कारण दुपारी वारा सुटला की चांगला ब्लोअरही नापास होतो. त्याच वेळी भरलेल्या टाकीने बांध चढून पाहावे, पुढची चाके हलकी वाटतात का ते पाहावे आणि क्लच दाबल्यावर ट्रॅक्टर कुठे थांबतो, ते काठीने खूण करून मोजावे.

विक्रेत्याशी शेवटचे बोलणे सुट्या भागांविषयी करावे. डायफ्रामचा एक संच, ओ-रिंग, दोन जास्तीची नोझल, पंपाचे तेल आणि शाफ्टचा एक क्रॉस बिलातच लिहून घ्यावा, आणि हे भाग पंढरपूर किंवा सोलापुरातल्या दुकानात मिळतात की नाशिकहून मागवावे लागतात, हे स्पष्ट विचारावे. फळछाटणीनंतर ढगाळ हवामानात डाऊनीची फवारणी दोन दिवस पुढे ढकलता येत नाही, म्हणून आम्ही हे भाग ऑक्टोबरच्या आधीच गोठ्यातल्या कपाटात ठेवतो आणि कपाटाच्या दाराच्या आत पंपाचा व नोझलचा नंबर खडूने लिहून ठेवतो.